घडी न पडलेलं पत्र

वाचता वाचता धनश्री थांबली. ते वाक्य तिने मनात पुन्हा वाचलं.

'दुपारी बारा वाजता मी समुद्रकाठी दक्षिणेकडे तोंड करून बसले, तर ऊन थेट डोळ्यांत आलं.'

पत्र चिलीच्या दक्षिण टोकाहून आलं होतं. तिथे भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो. ऊन पाठीवर यायला हवं होतं.

चाळीस मुलं पुढच्या ओळीकडे कान लावून होती. धनश्रीने ती वाचली, पण आवाज पहिल्यासारखा राहिला नाही.

मुलं बसली होती ते घर महेश्वरीताईंचं. मुलांसाठी गोष्टी लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. वर्षापूर्वी त्यांनी झरीतलं हे राहतं घर वाचनालयासाठी शाळेच्या नावे केलं आणि पाठीवर एक पिशवी घेऊन त्या जग बघायला निघाल्या. निरोप द्यायला अख्खं गाव बसपर्यंत गेलं होतं. फोन नेणार नाही, महिन्याला एक पत्र लिहीन, एवढंच त्या म्हणाल्या. पत्रं चुडाव्याला त्यांचे भाऊ शिवप्रकाश यांच्याकडे यायची. ते फोटो काढून विज्ञानाच्या बाईंना, म्हणजे धनश्रीला, पाठवायचे.

ताईंची एक रीत होती. प्रत्येक गोष्टीत त्या मुद्दाम विज्ञानाची एक चूक पेरायच्या आणि शेवटी लिहायच्या, 'या गोष्टीत एक चूक आहे. शोधा.' चौथीत असताना धनश्रीने अशी एक चूक पकडली होती. बक्षीस म्हणून मिळालेलं भिंग तिने अजून जपलं होतं.

पत्रांखाली मात्र ताईंनी तसं कधी लिहिलं नव्हतं.

सुट्टीत तिने जुनी दहा पत्रं काढली. नॉर्वेच्या उत्तरेला डिसेंबरात रात्री नऊला लख्ख ऊन. केनियात, विषुववृत्तावर, ध्रुवतारा डोक्यावर. दहाच्या दहा पत्रांत एकेक चूक. अक्षर ताईंचंच. ताईंच्या हातून नकळत अशा चुका होणं शक्य नव्हतं.

मग त्या खरंच तिथे होत्या का? की त्यांना कुठे अडकवून कुणी लिहून घेत होतं, आणि त्या अशा खुणा करत होत्या?

मुख्याध्यापक बन्सीधर सरांनी सगळं ऐकून घेतलं. ताई सज्ञान, पत्रं त्यांच्या हातची; तक्रार करायची तर कुणाविरुद्ध, असं त्यांनी विचारलं.

रविवारी सकाळी ती चुडाव्याच्या स्टेशनवर उतरली.

शिवप्रकाशांचं पुढे किराणा दुकान, मागे घर. त्यांच्या कपाळावर विभूतीचे पट्टे होते, वाळून पांढरे झालेले.

"मॅडम, तुमी? फोन तरी करायचा."

"मूळ पत्र बघायचंय, काका. शाळेत लावायला."

ते आत गेले, बऱ्याच वेळाने एक कागद घेऊन आले. धनश्रीने तो कडांनी धरला, उजेडात तिरपा केला.

"पाकीट?"

"फेकलं. पाकिटं कोण ठेवतंय?"

"त्यावरचं तिकीट?"

"गल्लीतली पोरं मागायलीत, देऊन टाकलं."

"ताईंशी बोलणं होतं?"

"फोन कुठं हाय अक्काकडं. लय हट्टी हाय ती."

पडद्याआडून त्यांच्या पत्नी भागम्मा डोकावल्या. त्यांच्याही कपाळावर विभूती वाळली होती. "बसा बाई. चहाला जरा उशीर लागंल. पूजा व्हायलीय अजून," म्हणत त्या आत गेल्या.

"घरी कोण कोण असतं, काका?"

"आमी दोघंच. पोरगी नांदेडला दिली."

धनश्रीने कागद तराजूशेजारी ठेवला.

"चिलीहून पाकिटातून आलेल्या कागदाला घडी हवी. याला एकही नाही."

"मोठं पाकीट असंल."

"असेल. पण त्यातला सूर्यही चुकीच्या बाजूला आहे. आणि तुम्हा लिंगायतांत तळहातावरच्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत. तुमच्या दोघांच्या विभूती वाळल्यात, म्हणजे तुमची पूजा झाली. घरात तुम्ही दोघंच. मग आत पूजा कुणाची चाललीय?"

शिवप्रकाश तराजूच्या काट्याकडे बघत राहिले. "मी शंभरदा म्हणलो तिला, सांगून टाकू," ते पुटपुटले.

"येऊ दे तिला," आतून आवाज आला.

ताई खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांच्या डाव्या हाताची मूठ मिटलेली. भागम्मा तिची बोटं एकेक करून उलगडत होत्या, तळहातावर लिंग ठेवता यावं म्हणून. उशाशी वही आणि पेन होतं.

"हैदराबादपर्यंतच गेले," ताई म्हणाल्या. "तिथंच पडले. डावी बाजू गेली. हे घर माझ्याच सांगण्यावरून गप्प आहे."

"मला वाटलं, तुम्हाला कुणी कोंडलंय."

"मीच कोंडून घेतलंय. गावाला कळलं तर उद्या किल्ली घेऊन येतील. ताईंचं घर ताईंना, म्हणतील. मग पोरं कुठं बसतील वाचत?"

"मग चुका कशाला?"

"पोरांशी खोटं बोलायचं, तर ते पकडायची संधी नको द्यायला? अकरा महिने झाले गं. कुणी तपासलंच न्हाई."

ती सगळी पत्रं धनश्रीनेच मोठ्याने वाचून दाखवली होती.

"पोरांनी शोधलं तर शोधू दे," ताई म्हणाल्या. "तू सांगायचं न्हाई. शब्द दे."

भागम्मांनी शेवटचं बोट उलगडलं. धनश्रीने शब्द दिला.

पुढच्या महिन्यात बारावं पत्र आलं, जपानहून. धनश्रीने ते चारदा तपासलं. भरती-ओहोटी, ऋतू, सूर्योदय, सगळं बरोबर होतं. आणि खाली, पहिल्यांदाच, लिहिलेलं होतं: 'या पत्रात एक चूक आहे. शोधा.'

मुलं तुटून पडली. कुणी नकाशा काढला, कुणी पृथ्वीचा गोल फिरवला.

"मॅडम, तुमाला घावली का?" पिंकीने विचारलं.

"तुम्ही शोधा," धनश्री म्हणाली. दिलेला शब्द मोडता येत नव्हता, आणि ताईंच्याच घरात उभं राहून हसताही येत नव्हतं.

चाळीस बोटं ओळींवरून फिरत होती. 'आज मी इथे पोचले' या पहिल्या ओळीवर एकही थांबलं नाही.