फुलांचं पाणी आणि हिरवी बेडकी

प्रेम पहिल्या नजरेतच जडतं, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. बेडकांवर संशोधन करणाऱ्या फू रुइलानच्या बाबतीत पहिल्या नजरेत डोक्यात तिडीक गेली, एवढाच काय तो फरक.

वूजिशान डोंगरातल्या ओढ्यावर धुकं उतरलं होतं. पावसाळा सरत आला, तरी पानापानांवरून नुसते नर बेडूक ओरडत होते. अंडी दिसली नाहीत, तर धरणवाले इथले बेडूक संपले असं ठरवून ओढ्याचं पाणी धरणाकडे वळवणार होते. आणि आज तिला नेच्यावर अंड्यांनी टम्म फुगलेली हिरवी बेडकी दिसली. श्वास रोखून ती पुढे सरकली... तोच झाडीतून एक हात आला आणि त्यानं बेडकी अलगद उचलली.

"हीच शोधत होतात ना?"

हाताचा मालक युन खाइ. हायखोऊ शहरातून सरडे शोधायला आलेला. त्यानं बेडकी गुलाबाच्या फुलासारखी पुढे धरली. रुइलानला वास आला. डास पळवायला घरोघरी लावतात ते मद्यार्कातलं फुलांचं पाणी... कोपरापर्यंत चोपडलेलं.

"हे काय लावलंय?"

"जंगलात कुणी भेटलंच, तर आपलं—"

"बेडूक कातडीनं पितो, शहाण्या. तू तिला दारू पाजलीस."

बेडकी हिसकावून तिनं ओढ्यात धरली. बेडकीनं मान टाकली होती.

"सरडेही अत्तर लावूनच पकडतोस?"

"त्यांनी कधी तक्रार केली नाही."

"त्यांना तोंड नसेल. मला आहे."

"ते दिसतंय, ताई..."

"ताई म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. टोपीनं पाणी ओत. आणि ऐक, ही जगली नाही, तर नामशेष जातीला तुझं नाव देईन."

तो टोपीनं पाणी ओतत राहिला. दिवेलागणीला बेडकीनं डोळे उघडले, दोघांकडे तुच्छतेनं पाहिलं आणि टुणकन झाडीत गेली.

दुसऱ्या दिवसापासून युन खाइ रोज ओढ्यावर हजर. हात राखेनं घासलेले, वास कसलाच नाही. डासांनी त्याच्या तोंडाचा भोपळा केला. रुइलान रोज बांबूच्या नळीतला अर्धा भात त्याच्यापुढे आदळत असे.

आणि एका संध्याकाळी, डोहावर वाकलेल्या पानाला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला दिसला. आत अंडी. ओढा वाचला होता.

"रडतेस?" त्यानं हळूच विचारलं.

"रागानं."

"अजून?"

"जातच नाही मेला." तिनं त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. "तू हायखोऊला गेलास, तर काढू कुणावर?"

"नाही जात... जन्मभर काढ." त्याचा आवाज कापरा झाला. "फक्त आत्ता उजवा हात सोडतेस का जरा? कानात डास शिरलाय."