कानामागची तीट

साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शर्वरी फडतरेची व्यायामशाळा होती, आणि त्या व्यायामशाळेत कुणी 'आई गं' म्हटल्याला बराच काळ लोटला होता. लोखंड तेच होतं. वजनं तर आधीपेक्षा जडच झाली होती. माणसं घामाने निथळत होती, पण कण्हणं नाही, दातओठ खाणं नाही, 'मॅडम, आता बास' नाही. खांद्यावर दांडी घेऊन बैठका मारता मारता पाटणकर वहिनी विचारत होत्या, "मॅडम, मंडईत कैरी आली का ओ? यंदा लोणचं राहूनच जाईल बघा." मांड्या लटलटत होत्या आणि चेहरा मात्र पाटावर बसून शेंगा सोलणाऱ्या बाईचा.

शर्वरीने हातातल्या पडद्याकडे पाहिलं. त्यावर वहिनींच्या देहाची आकृती होती आणि मांड्यांवर पिवळा रंग चढत चालला होता. तो तांबडा व्हायच्या आत थांबवायचं, एवढंच आता तिचं काम. "दोन अजून, मग ठेवा खाली," ती म्हणाली. वहिनींनी दोन मारल्या आणि त्या कैरीवरून मोहरीच्या डाळीवर आल्या.

ही सगळी करामत तिटेची. कंपनीने तिला लांबलचक भारदस्त नाव दिलं होतं, पण कानामागे लावायचा काळा ठिपका म्हटल्यावर साताऱ्याने दुसरं नाव ठेवलंच नसतं. तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून लावतात ना, तशी तीट. ही मसुराच्या दाण्याएवढी होती आणि कानामागच्या मज्जातंतूला हलके हलके विजेचे स्पंद देत राहायची. मेंदूत दुखण्याचे दोन भाग असतात. कुठे आणि किती दुखतंय हे सांगणारा एक, आणि ते नकोसं करणारा दुसरा. तीट त्या दुसऱ्याला झोपवायची. गुडघा दुखतोय हे माणसाला समजायचं, पण शेजाऱ्याचा गुडघा दुखतोय असं समजावं तसं.

आता दुखलं म्हणून माणूस थांबेना, तर त्याला थांबवायचं कुणी? म्हणून भारपट आला. स्नायूंवर आणि सांध्यांवर किती ताण पडतोय ते तीटच मोजायची आणि हातातल्या पडद्यावर रंगांत दाखवायची. शर्वरी पूर्वी चेहरे वाचायची. कुणाचं 'आई गं' आळसाचं आणि कुणाचं खरं, हे तिला पाठ फिरवूनही ओळखता यायचं. आता ती रंग वाचत होती. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं तिटेबद्दल लोक गमतीने म्हणायचे. खरं तर ती कानामागून आली आणि सगळंच अळणी करून बसली होती, पण अळणी खाणाऱ्याला ते सांगणार कोण?

नियम होता की व्यायाम संपला की तासाभरात तीट काढायची. शर्वरी तो नियम प्रत्येकाला बजावून सांगायची. तिच्या स्वतःच्या कानामागची तीट मात्र जवळजवळ वर्षभर निघाली नव्हती, फक्त जुनी काढून तिथेच नवी चिकटत होती. साध्या तापाचं निमित्त होऊन तिचा नवरा निशिकांत गेला, आणि दिवसकार्य झाल्यावर ती कामावर आली तेव्हा एकाला व्यायाम करून दाखवताना तिने तीट लावली. संध्याकाळी काढायची विसरली. विसरली म्हणजे, विसरल्यासारखं केलं. त्या रात्री तिला झोप लागली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बाई धीराची हो. निशिकांत नाही, हे तिला माहीत होतं. जसं साताऱ्याला समुद्र नाही हे माहीत असतं, तसं.

जंगम सर तिच्याकडे आले ते उन्हाळ्याच्या आधी. भूगोलाचे निवृत्त शिक्षक, सत्तरीला टेकलेले, काटकुळे.

"मॅडम, मला पोट कमी करायचं नाही, पळायचंही नाही," ते म्हणाले. "मला हिला उचलता आलं पाहिजे."

ही म्हणजे गिरिजाकाकू. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर असं दिवसातून कितीदा तरी न्यावं लागायचं. बाई ठेवून पाहिली, ती टिकली नाही. आणि सरांनाही ते दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नव्हतं.

शर्वरीने त्यांच्यापुरता वेगळा कार्यक्रम आखला. माणूस लोखंडासारखा सरळ उचलला जात नाही, तो कलतो, ओघळतो, म्हणून तिने दांडीऐवजी वाळूचं पोतं घेतलं. कंबरेतून वाकायचं, पोतं छातीशी धरायचं, पायांनी उठायचं, वळताना पाठ नाही तर पावलं वळवायची. सरांनी त्या पोत्याचं नाव 'दुसरेपणाची' ठेवलं. गुडघे मात्र साथ देईनात. मग कानामागे तीट आली आणि गुडघ्यांची कुरकुर मिटली. सर ती घरीही काढत नसत. काकूंना उचलायचं म्हणजे व्यायामच की, असं त्यांचं म्हणणं, आणि शर्वरीला त्यात खोट काढता आली नाही. काढणार तरी कुठल्या तोंडाने!

अगदी सुरुवातीला, तीट लावण्याआधी, सरांनी तिला एक गोष्ट सांगितली होती. काकूंची वाचा गेली ती एक शब्द मागे ठेवून. तो शब्द म्हणजे 'बरं'. काहीही म्हणायचं असलं तरी त्या तेवढंच म्हणत.

"आयुष्यभर वाऱ्यांचे प्रकार शिकवले, आता 'बरं'चे शिकतोय," सर हसत म्हणाले होते. "चहा हवा असला की बरं वर चढतं. माझा राग आला की जमिनीवर आपटतं. कंटाळली की लांबतं. आणि दुखलं की मधेच तुटतं. ते तुटलेलं बरं ऐकलं ना मॅडम, की माझे हात आपोआप थांबतात."

पावसाळा सरत आला तेव्हा सर पोतं सहज उचलू लागले आणि शर्वरी त्यांच्या घरी प्रत्यक्ष पाहायला गेली. जुईच्या वेलाने झाकलेलं छोटं घर होतं. काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, कपाळावर कुंकू. शर्वरीला पाहून त्यांनी डावा हात किंचित उचलला. "बरं," त्या म्हणाल्या.

"करा सुरू, सर."

सर वाकले. पडद्यावर त्यांची कंबर हिरवी, पाठ हिरवी, गुडघे फिके पिवळे. त्यांनी एक हात काकूंच्या पाठीमागे घातला आणि दुसरा त्यांच्या लुळ्या उजव्या काखेत अडकवून वर घेतलं.

"ब... रं," काकू म्हणाल्या.

"डावं पाऊल थोडं बाहेर," शर्वरी म्हणाली. "पुन्हा एकदा."

"ब... रं."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलेलं शर्वरीला दिसलं. डोळ्यांत पाणी आलंय, असं तिच्या मनात आलंही. मग तिने सरांचं पाऊल पाहिलं. आता ते बरोबर पडलं होतं. सगळीकडे हिरवा रंग होता. भारपट उचलणाऱ्याचा होता, जिला उचललं जात होतं ती त्यात कुठेच नव्हती. शर्वरीने सरांना शाबासकी दिली, चहा घेतला आणि ती निघाली.

पुढच्याच आठवड्यात सर नेहमीच्या वेळी आले, पोत्याजवळ उभे राहिले आणि पेपरातली बातमी वाचून दाखवावी तसं म्हणाले, "हिचा खांदा निखळलाय. डॉक्टर म्हणाले, लुळा हात ओढला की असं होतं. एका दिवसातलं नाही म्हणाले, बरेच दिवस ओढला जात असणार. फार दुखलं असणार म्हणाले."

व्यायामशाळेत पंखा फिरत होता. पलीकडे पाटणकर वहिनी कुणाला तरी लोणच्याचं प्रमाण सांगत होत्या.

"काकू काही बोलल्या नाहीत?" शर्वरीने विचारलं.

"बोलायची की. रोज बोलायची. बरं म्हणायची."

"कोणतं बरं, सर?"

सरांनी आठवायचा प्रयत्न केला, खरोखर केला. शेवटी म्हणाले, "तसं काही आठवत नाही. नुसतंच बरं." आणि मग, वर्गात शंका विचारणाऱ्या मुलाच्या सरळपणाने, "मला वाईट वाटायला पाहिजे ना, मॅडम?"

"वाटायला पाहिजे, सर."

"मग वाटत का नाही?"

शर्वरीकडे उत्तर होतं आणि ते दोघांच्याही कानामागे चिकटलेलं होतं. ज्याला स्वतःचं दुखणं बोचत नाही त्याला दुसऱ्याचं तरी कशाने बोचणार? दोन्हीची वाट एकच असणार. कंपनीच्या माहितीपत्रकात हे कुठेही नव्हतं. ती त्या खोलीत उभी होती, तिने तो तुटलेला शब्द दोनदा ऐकला होता, आणि एकदा पुन्हा करा म्हणाली होती, एकदा शाबासकी दिली होती. तिला हे भयंकर वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पण वाटत नाहीये, हे मात्र तिला लख्ख दिसलं.

डॉक्टरांनी खांदा बसवून दिला, हात झोळीत बांधला. पण काकूंना उचलणं काही थांबणार नव्हतं. अंथरूण धरलेल्या माणसाला सारखं एका जागी ठेवलं की पाठीला जखमा होतात. शर्वरीने कार्यक्रम नव्याने आखला. काखेत हात नाही, कंबरेला रुंद पट्टा, उचल कमी आणि सरकवणं जास्त. कागदावर ते बिनचूक होतं. मागचंही कागदावर बिनचूकच होतं.

ती पट्टा घेऊन सरांच्या घरी गेली. दाराशी थांबली आणि तिने कानामागे नख घातलं. कंपनी म्हणायची, काढल्यावर मागचं काही साठून राहत नाही. कंपनीतल्या कुणी तीट लावून आपल्या गेलेल्या माणसाचं कपाट आवरलं होतं का, हे कुणाला ठाऊक! तिला भीती वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. म्हणूनच तीट निघाली.

सुरुवातीला काहीच झालं नाही. तिने पट्टा बांधून दाखवला, सरांच्या पावलांची जागा ठरवली. मग दोन्ही पायांचे तळवे दुखायला लागले, सकाळपासून उभी होती म्हणून. मग कोनाड्यातल्या उदबत्तीचा वास आला, आणि तो वास कुठल्या दिवसाचा होता हे तिला एकदम आठवलं. तिने पलंगाची कड धरली.

"उचला, सर. सावकाश."

सरांनी पट्टा धरून काकूंना पुढे घेतलं. खांदा जरासाच हलला.

"ब... रं."

"आई गं!" शर्वरी ओरडली. "थांबा! थांबा, सर!"

सर जागच्या जागी थांबले. शर्वरी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. काकूंच्या खांद्यासाठी रडत होती, त्या दोन वेळांसाठी रडत होती, आणि मग निशिकांतसाठी, वर्षभराचं एकदम. तिला लाज वाटली, फार दुखलं, आणि हुंदक्यांना काही बांध राहिला नाही. काकू तिच्याकडे पाहत होत्या. त्यांचा डावा हात हळूहळू आला आणि शर्वरीच्या डोक्यावर टेकला.

"बरं," काकू म्हणाल्या.

सर काकूंना पट्ट्याने सावरून तसेच उभे होते. त्यांनी आपल्या बायकोकडे पाहिलं, मग शर्वरीकडे.

"मॅडम, हे कुठलं बरं होतं?" त्यांनी विचारलं. "हे मी पूर्वी कधी ऐकलंय का?"

शर्वरीने नुसतं त्यांच्या कानाकडे बोट केलं.

सरांनी काकूंना अलगद उशांना टेकवलं. मग त्यांचा हात कानामागे गेला, आणि तिथे तो थांबला. गुडघे परत दुखणार होते. रोजच्या रोज, प्रत्येक उचलीला. आणि त्या सगळ्या दिवसांतली तुटलेली बरं एकामागून एक ऐकू यायला लागली, तर तो आवाज सोसून ते बायकोला उचलू शकतील का?

"गिरिजा," ते म्हणाले, "अजून एकदा म्हणतेस?"