शेंडी गेल्याचं पत्र

कुवेतमधल्या फिंतासला, झेरॉक्सच्या दुकानात नीरजाच्या फाइलमधून ते जुनं पोस्टकार्ड घसरलं आणि पडलं ते नेमकं जयदीपच्या बुटावर. त्यानं उचललं मात्र, ती दचकून म्हणाली, "अहो, नको! कोपरा फाडलाय त्याचा."

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. वाचायचं आणि फाडून टाकायचं. असलं पत्र घरात कोण ठेवतं? पण बाबांनी ठेवलं होतं. ते जाऊन तीन महिने झाले होते, त्यांच्याच कागदपत्रांच्या प्रती काढायला ती आली होती. कागद पुरे झाले की आईला घेऊन कायमचं नाशिकला जायचं, हे ठरलेलं. राजीनामासुद्धा देऊन झाला होता.

"मोडी आहे," जयदीप म्हणाला. जवळच्या मीना अब्दुल्ला बंदरातल्या रिफायनरीतला हा इंजिनिअर, हौसेनं मोडी शिकलेला. "वाचू?"

"वाईट असेल तर... राहू द्या."

कार्ड १८८४ सालचं. तिचे खापरपणजोबा पुण्यात कॉलेजात शिकत होते, तेव्हा गावाकडच्या मित्रांनी धाडलेलं. जयदीप अडखळत वाचू लागला – "आपली शेंडी कात्रीच्या आजाराने कैलासवासी झाल्याचे ऐकून आम्हां सर्वांस अतोनात दुःख झाले. ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही. मागे राहिलेल्या केसांस सांभाळावे. तेराव्याचे लाडू पार्सलाने धाडावेत."

नीरजा हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा, अगदी खो खो हसली. आणि हसता हसता भर दुकानात रडू लागली.

"बाबांना मोडी येत नव्हती हो," ती हुंदके देत म्हणाली. "आजोबांनी दिलं, म्हणून बिचाऱ्यांनी जन्मभर भीत भीत जपलं."

 जयदीपनं रुमाल तेवढा पुढे केला.

घरी अशी आणखी सात कार्डं निघाली. सात कार्डं वाचायला वेळ तो कितीसा लागतो? अर्धा तास! या दोघांना चार शुक्रवार लागले, समुद्राकाठच्या बाकावर. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

शेवटचं कार्ड वाचून झालं.

"मंगळवारचं तिकीट आहे," नीरजा म्हणाली.

"हं... पोचलीस की कळव."

"एवढंच?"

त्यानं मान खाली घातली. "दुःखाच्या घरात कसं बोलू, नीरजा? आवडतेस तू मला. फार आवडतेस. पण घाई नाही... म्हणशील तितकी वर्षं थांबेन."

तिचे डोळे भरून आले, आवाज मात्र ठाम होता.

"आमच्यात वडील गेले, की लग्न वर्षाच्या आत करतात. नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. काल आईनंच आपणहून विषय काढला."

"मग... तू काय म्हणालीस?"

"मला तीन वर्षं थांबायचं नाहीये, जयदीप. आठ महिने उरलेत."