घोरणारी पेटी

"हॅलो! हॅलो! अबे शेषराव, झोपला का बे?"

तलावाच्या काठावरच्या शेडमधल्या लोखंडी पेटीतून रावसाहेब चंद्रभान यांचा आवाज इतका खणखणीत आला, की बाकावर बसलेली जयवंता दचकून उभीच राहिली!

"ऐकून राहिलो, रावसाहेब! बोला. ओव्हर!" शेषरावमामा माइकमध्ये म्हणाले.

"काहीच येत नाही!" पेटी ओरडली. "सेट मुर्दा आहे, दिवाणजी, मुर्दा!"

मामांची भाची सुभद्रा, तिची धाकटी बहीण जयवंता आणि शेजारचा पुंजाराम एकमेकांकडे बघत राहिले. मुर्दा? मुर्दा कधी एवढा आरडाओरडा करतो?

दसऱ्याची सुट्टी होती. अमरावतीबाहेरच्या या तलावावर रावसाहेबांनी हौसेची मोटरबोट आणली होती. मुंबईला कुणाच्या तरी बोटीवर त्यांनी बोलता-ऐकता येणारा रेडिओ पाहिला, म्हणून यांनाही तो हवा! पोहता येत नव्हतं, बोट हाकता येत नव्हती, पण रेडिओ पाहिजे! लढाईत बिनतारी पलटणीत काम केलेल्या शेषरावमामांनी तो बसवून दिला. उंच काठीला एरियल, बोटीच्या तळाशी पाण्यात अर्थिंगचा तांब्याचा पत्रा, फळीखाली बॅटरी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी सेट चालवून दाखवला, तेव्हा दोन्हीकडचं बोलणं अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं.

"बटन दाबून बोला, सोडून ऐका," मामांनी समजावलं होतं.

"तू मले शिकवतं का?" असं म्हणून रावसाहेबांनी पाठ फिरवली होती!

आता ते बोटीतून उतरून तरातरा शेडमध्ये आले. मागे त्यांचे दिवाणजी वामनराव, छत्री धरून.

"उद्या डेप्युटी कमिशनर साहेब बोट पाहाले येऊन राहिले. सेट बोलला नाही, तर त्यांच्यासमोर सांगतो, या माणसानं मले भंगार विकलं! मग पाहतो, तुले सरकारी नोकरी कशी भेटते! आन् बोटीले हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!"

मामांचा चेहरा उतरला. पोलिसांच्या बिनतारी खात्यातल्या जागेसाठी त्यांचा अर्ज त्याच साहेबांच्या टेबलावर होता. सेटसाठी नवा व्हॉल्व्ह मिळतो का बघायला ते सायकल काढून गावात निघून गेले.

दुपारी तिघं शेडमध्ये भाकरी खात बसली होती. एकाएकी पेटीतून आवाज आला. "घर्रर्र... फुस्स! घर्रर्र... फुस्स!"

"सेट बिघडला!" जयवंता ओरडली.

"अवं, हे तर घोरणं आहे!" पुंजाराम खिदळला. "रावसाहेब बोटीत झोपले!"

सुभद्रा मात्र हसली नाही. "बटन दाबल्याशिवाय तिकडचा आवाज इकडं येत नाही. मंग झोपेत बटन कोण दाबून राहिलं?"

पुंजारामच्या हातातली भाकरी तशीच राहिली. त्याचे वडील नत्थुजीबुवा कीर्तन करत आणि तो त्यांच्यामागे टाळ धरून उभा राहत असे. "सुभे, बुवा चरण म्हणतात अन् थांबतात, तवा आमी धरतो. बुवा थांबलेच नाहीत, तर आमचं कोणाले ऐकू येईन? बोटीतला माइक थांबूनच नाही राहिला!"

"शाबास, टाळकरी!"

सुभद्राच्या घरचा फुलांचा मळा होता. झेंडूची टोपली घेऊन तिघं बोटीपाशी गेली. "दिवाणजी, उद्यासाठी बोट सजवू?"

"सजवा. रावसाहेब उठले नाही पाहिजे," वामनराव डाफरले.

जयवंता हार बांधत बांधत सेटजवळ सरकली आणि तिचे डोळेच विस्फारले! दसऱ्याच्या पूजेत वामनरावांनी माइकला लाल नाडा गुंडाळला होता. एक नाही, दोन नाही, चांगले अकरा वेढे, आणि तेही नेमके बटनावरून करकचून! देवाला फूल वाहायचं ते पायाशी. या शहाण्यांनी भक्ती दाखवायला त्या बिचाऱ्या यंत्राचं नरडंच आवळलं होतं!

"दिवाणजी, हा नाडा थोडा सैल करा ना!"

"पूजेचा नाडा सोडू? धर्म बुडवतं का पोट्टे? निघा!"

संध्याकाळी मामांनीही सांगून पाहिलं. त्यांनाही तेच उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी डेप्युटी कमिशनर साहेब आले ते थेट शेडमध्ये. वामनरावांना बोट हाकायला लावून रावसाहेब ऐटीत तलावाच्या मध्यावर पोचले होते आणि इंजिन बंद करून थांबले होते. पेटीतून वामनरावांचा आवाज आला. "सेट नाही चालला तर, रावसाहेब?"

"नाही तर नाही! आपल्याले त्यातलं काय समजते? शेषरावच्या नावावर टाकू. साहेबाले तरी काय समजते? खुर्चीतला भोपळा आहे तो!"

मामांनी शरमेनं पेटी बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "छान ऐकू येतंय."

सुभद्रा धावत पाण्याच्या कडेला गेली. दोन्ही हात तोंडाशी धरून तिनं आरोळी ठोकली, "दिवाणजी! तुमचं सगळं बोलणं साहेब ऐकून राहिले! बटनावरचा नाडा सोडा!"

धर्म बुडायची भीती कुठल्या कुठे पळाली! वामनरावांनी दातांनी नाडा तोडला. 'टक्' असा आवाज झाला आणि पेटी शांत झाली.

साहेबांनी माइक सुभद्राच्या हातात दिला. तिनं बटन दाबलं. "रावसाहेब, आतापर्यंत तुमी बोलले, आमी ऐकलं. आता तुमी ऐका. माझ्या मामानं बसवलेला सेट पहिल्या दिवसापासून चांगला आहे. ओव्हर."

तिनं बटन सोडलं. बोटीत रावसाहेब उडालेच, हे काठावरूनही दिसलं!

"ऐकू आलं," पेटीतून बारीक आवाज आला.

"शेषराव, उद्या कचेरीत या. तुमच्या अर्जावर आजच सही करतो," साहेब म्हणाले. मग तिघांकडे वळून हसले. "न बोलता नीट ऐकणारी माणसं मला आमच्या खात्यातसुद्धा मिळत नाहीत. शाबास, मुलांनो!"

मामांनी तिघांनाही एकदम कवेत घेतलं.

बोट मात्र बराच वेळ काठाला लागली नाही. पेट्रोल भरपूर होतं.