तक्रार मिटवण्याआधी

तक्रारी वाचायचं काम खरं तर टेस्टरचं, तिचं काम कोड लिहायचं. पण त्या सोमवारी त्याची दाढ ठणकत होती, म्हणून तो सगळा ढीग तिच्या गळ्यात पडला. त्या ढिगातच तिला तो भेटला.

'तुमचा ब्राउझर माझ्याबद्दल काहीच लक्षात ठेवत नाही, हे मला फार आवडतं,' त्याने लिहिलं होतं. 'पण फोनवरचं पान घरच्या कॉम्प्युटरला पाठवलं, की तो तेही विसरतो. इतकंही विसरभोळं असू नये हो.'

ती एकटीच हसली. ब्राउझर बनवणाऱ्या चार माणसांच्या त्या ऑफिसात तिचं हसणं इतकं दुर्मीळ, की टेस्टरने गालावरचा हात काढून वळून पाहिलं.

'कोणतं पान?' तिने उत्तर धाडलं. 'सांगायलाच हवं असं नाही. आम्हाला ते दिसत नाही, आणि दिसूही नये.'

'सांगतो की. एका माणसापुरता स्वयंपाक कसा करावा, ते पान. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दुपारी फोनवर वाचतो, घरी पोहोचेपर्यंत प्रमाण विसरतो... आणि मग तीन दिवस एकच भाजी खातो.'

तीन दिवस एकच भाजी तीही खायची. पण हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला ऑफिसात सगळे 'कुलूप' म्हणायचे ते काही उगीच नाही. लोकांची माहिती लोकांपाशीच राहावी म्हणून सहा वर्षं ती खपत होती, आणि स्वतःची माहिती तर तिने इतकी जपली होती, की विचारणारंही कुणी उरलं नव्हतं. एक वहिनी तेवढी रविवारी फोन करायची.

"अगं, फोटो द्यायचा नाही, नंबर द्यायचा नाही," वहिनी करवादायची, "मग स्थळ काय आभाळातून पडणार?"

"नको पडू दे. लागेल कुणाला तरी," ती म्हणायची. वहिनी हसायची, तीही हसायची, आणि फोन ठेवला की खोलीत फ्रिजची घरघर तेवढी उरायची.

चौथ्या दिवशी दोष सापडला. फोनचं आणि कॉम्प्युटरचं घड्याळ दोन मिनिटांनी मागेपुढे असलं, की पाठवलेलं पान वाटेतच शिळं ठरून फेकलं जात होतं. सहा ओळींत काम झालं. आता दुरुस्ती पुढे द्यायची आणि तक्रार मिटवायची, एवढंच बाकी होतं.

आणि तिथेच तिचा हात अडला. तक्रार मिटली, की चोवीस तासांत तक्रार करणाऱ्याचा ईमेल आणि सगळा पत्रव्यवहार पुसला जायचा. कायमचा. हा नियम तिनेच भांडून भांडून सगळ्यांच्या गळी उतरवला होता.

'अजून शोधतेय,' तिने त्याला लिहिलं.

मग रोज एक निरोप यायला लागला. दुपारी दोनच्या सुमाराला, दुकानातली गर्दी ओसरली की.

'तुम्ही चष्मा लावता?'

'हा प्रश्न तक्रारीशी संबंधित आहे का?'

'अजिबात नाही.'

'...लावते. डाव्या डोळ्याचा नंबर जास्त आहे.'

'अरेच्चा — माहिती दिलीत की!'

'चुकून गेली.'

दोन वाजायच्या आधी ती उगाच केस सारखे करायची. निरोप वाचणाऱ्याला केस दिसत नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको होतं. संध्याकाळी रिकाम्या खोलीत शिरताना आता ती त्याचं एखादं वाक्य सोबत घेऊन यायची, आणि जेवताना ते पुन्हा पुन्हा आठवायची.

एकोणीस दिवस असे गेले. मग ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी सगळ्यांना बोलावलं.

"पान न पोहोचण्याच्या बेचाळीस तक्रारी झाल्यात," त्या म्हणाल्या. "एक आजोबा लिहितात, औषधांची यादी वहीत उतरवता उतरवता हात दुखतो. दोष सापडला का?"

तिने लॅपटॉप मिटला.

"सापडलाय," ती म्हणाली. "केव्हाच. माझ्याकडूनच राहिलं."

मॅडमनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "शुक्रवारी चारला नवी आवृत्ती जाईल," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी तिच्यासमोर कागद होता, पेन होतं. त्याचा ईमेल उतरवून घ्यायला दहा सेकंद पुरले असते, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. तिने पेन उचललं... आणि ठेवून दिलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर तिनेच त्याला घरी पाठवायला लावलं असतं.

त्याचं काही ठेवून घ्यायचा तिला हक्क नव्हता. स्वतःचं द्यायचा मात्र होता. तिने लिहिलं —

'तुमचं पान आज चारनंतर घरी पोहोचेल. ते बावीस दिवस आधीच पोहोचलं असतं. मी दुरुस्ती दाबून ठेवली, कारण तक्रार मिटली की तुम्ही पुसले जाता. मी चुकले. उद्या चारनंतर तुम्हाला शोधायचा माझ्याकडे काहीच मार्ग नसेल, आणि तो नसावा हेच बरोबर आहे. पण तुम्ही मला आवडता... फार. हा माझा नंबर. आणि हे माझं नाव.'

उत्तर आलं नाही. चार वाजता तिने तक्रार मिटवली.

शनिवारी चार वाजले. यादीतली त्याची ओळ गेली, तेव्हा ती खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. रविवारी फोन वाजला, तिने झडप घातली, तर वहिनी. सोमवारी दोन वाजता तिने केसांना हातही लावला नाही. सहा वर्षं जे जपलं ते एका अनोळखी माणसाला देऊन बसले, असं तिला सारखं वाटत राहिलं, आणि तरीही ते परत घ्यावंसं वाटेना.

सोमवारी संध्याकाळी ती कुकर लावत असताना फोन वाजला.

"काचा घासणारा बोलतोय," पलीकडून आवाज आला. वाटला होता त्यापेक्षा हळू, जरासा बसलेला. "मला राग आला होता. बावीस दिवस मी ती प्रमाणं तळहातावर लिहून घरी नेत होतो."

"चूकच होती माझी," ती म्हणाली. "अजून आहे का राग?"

"अडीच दिवस होता. नंतर बघितलं, तर पान बरोबर घरी आलेलं, आणि... दुपारी दोनला लिहायला कुणी नाही."

ती गॅसपाशी तशीच उभी राहिली.

"तुमचा नंबर मी कुठेही साठवला नाही," तो म्हणाला. "निरोपही पुसून टाकला. तुम्हाला तेच आवडलं असतं, असं वाटलं."

"मग फोन कसा लावलात?"

"पाठ केलाय."

तिने गॅस बारीक केला, मग बंदच केला.

"ऐकताय ना?" त्याने घाबरून विचारलं.

"म्हणून दाखवा," ती कशीबशी म्हणाली.

तो एकेक आकडा सावकाश म्हणत गेला, आणि तिने त्याला मध्ये कुठेही थांबवलं नाही.