आवाज आला का?

चुकीच्या दारात शिरणं हा तिचा जुनाच उद्योग होता, पण त्या शनिवारी तिने कमाल केली. दातांचा दवाखाना वरच्या मजल्यावर, आणि ही बाई घाईघाईत शिरली खालच्या वाद्यांच्या दुकानात. काउंटरवर डबी आपटून धापा टाकत म्हणाली, "वरचे, खालचे, दोन्ही आणलेत. पेशंट आलाय का?"

काउंटरमागच्या तरुणाने डबी उघडली. आत गुलाबी हिरड्यांची कवळी. त्याने एकदा कवळीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"सुंदर आहेत... पण आमच्याकडे बोटांनी वाजवतात हो."

ती कवळ्या बनवायची. दिवसभर मेण, प्लास्टर आणि लोकांचं हसू. खरं तर लाजून पळायला हवं होतं, पण भिंतीवर एक निळी इलेक्ट्रिक गिटार लटकत होती, आणि तिचं तोंड नेहमीच तिच्या पुढे धावायचं.

"ही शिकायला किती दिवस लागतात?"

"ही? ही मिरवायला ठीक आहे. जरा खांद्याला लावून बघा."

तिने लावली आणि एका बाजूला कललीच. तो हसला. हसताना त्याची उजवी भुवई उगीच वर जायची, हे तिच्या लक्षात आलं आणि राहिलं.

मग दर शनिवार तिथेच. तो दुकानाच्या मालकांचा भाचा, दुरुस्ती त्याच्याकडे. काम करताना वाद्याशी बोलायची त्याला सवय. गिटार उलटी करून विचारायचा, "काय गं, कुठे दुखतंय?" मामा म्हणायचे, "माणसांशी बोलायची वेळ आली की याची दातखीळ बसते."

"मला तो मोठा अँप द्या," तिने दुसऱ्या शनिवारी गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याकडे बोट दाखवून सांगितलं.

"तो पन्नास वॅटचा आहे. घरी कोण कोण असतं?"

"दादा, वहिनी... आणि मधे एक पातळ भिंत."

"मग वहिनी तुम्हाला अँपसकट बाहेर काढतील. पाच वॅट पुष्कळ झाले. हेडफोन लावायची सोय असलेला बघू."

"आणि गिटार?"

"गिटार... सापडेल. घाई कशाला?"

तिसऱ्या शनिवारी त्याने दाखवलेल्या गिटारीची मान जाड, हिची बोटं पोचेनात. चौथ्या शनिवारच्या गिटारीच्या तारा इतक्या उंच, की दाबून दाबून बोटांना वळ उठले. त्याने तिची बोटं हातात घेऊन पाहिली... आणि चटका बसल्यासारखी सोडली. त्या आठवड्यात तिचं कामात लक्ष म्हणून लागेना. एका आजोबांना दाढेच्या जागी सुळा बसवून मोकळी झाली! रात्री या कुशीवरून त्या कुशीवर. गिटार हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पण एकदा ती मिळाली की दुकानात यायचं कारण संपलं, आणि नुसतं भेटायला यायची हिंमत तिच्यात नव्हती.

पाचव्या शनिवारी तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "तुमची जोडी तयार आहे."

जुनी, तपकिरी गिटार. हलकी, बारीक मानेची, मांडीवर अलगद बसणारी. शेजारी छोटासा अँप. नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणजे याला आपण आता नकोशा झालो, असंच तिला वाटलं. 

"रंग... जरा मळकाच आहे, नाही?"

"अहो, सून बघायला आलात की काय?" मामा म्हणाले. "चार आठवडे खोट काढणं चाललंय!"

"एक पिकअप तेवढा तपासतो," गिटार आतल्या खोलीत नेत तो पुटपुटला. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक, तारेची थरथर पकडून अँपला पोचवणारं. आतल्या खोलीतला अँप बिघडलेला, म्हणून त्याने लांब वायर ओढून बाहेरचा छोटा अँप जोडला आणि त्याचा आवाज पूर्ण वाढवला. "तुम्ही याच्यासमोर बसा. मी आत टकटक करतो. आवाज आला की सांगा."

टक.

"आला!"

टक, टक.

"आला!"

मग बराच वेळ काही नाही. ती उठली, बसली, पुन्हा उठली. तेवढ्यात अँप खरखरला, आणि डब्यात बसून कुणी बोलावं तसा आवाज आला...

"...आज घेऊन जाईल ती तुला. मग मी बसतो शनिवारी दाराकडे बघत. मुद्दाम नको त्या गिटारी दाखवल्या गं तिला, वळ उठले बिचारीच्या बोटांना... लाज वाटली मला. म्हणून तर तुला काढली. सांगू का तिला, आवडतेस म्हणून? ...नको. हसेल."

मामांनी पेनाचं टोपण तोंडात धरलं ते तसंच राहिलं. तिचे कान तापले. आतून त्याने मोठ्याने विचारलं, "आवाज आला का?"

"आला!"

"टकटक ना?"

"नाही... सगळंच आलं."

आत काहीतरी धाडकन पडलं. तो दारात आला, हातात पेचकस, चेहरा लालबुंद. "पिकअपमधली तार घट्ट धरणारं मेण सुटलंय," तो कसाबसा म्हणाला. "जवळ तोंड नेलं की... बोलणंही शिरतं त्यात. मला कळायला हवं होतं. हेच तर काम माझं."

तिने त्याला खांद्याला धरून अँपसमोरच्या स्टुलावर बसवलं. त्याच्याकडे बघत बोलायला गेलो तर आपण पळून जाऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि टेबलावरच्या गिटारीवर ओठ तारांना टेकतील इतकी वाकली.

"रंग मळका नाहीये. खोटं बोलले मी. वळांचा राग आलाय, पण थोडासाच. आणि... मलाही तुम्ही आवडता. खूप. उद्या दुकान बंद असतं, मला माहीत आहे. तरी मला उद्या भेटायचंय. गिटारीशिवाय."

बाहेरून तिचाच आवाज तिला ऐकू आला, मोठा, खरखरीत, जराही न अडखळणारा.  

"आवाज आला का?" तिने विचारलं.

"आला हो, आला!" उत्तर मामांचं होतं. "पण हा नुसती मान हलवतोय. बाहेर येऊन बघा तुम्हीच!"