थंड नळीची गोळी

जुनी रायफल घ्यायची तर आधी गोळी भरायचा बोल्ट काढून बाजूला ठेवायचा आणि नळीतून उजेडाकडे बघायचं, हा मोजपट्टीचा शिरस्ता होता. बंदुका दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती, आणि चांदमारीच्या क्लबात त्याला खऱ्या नावानं कुणीच हाक मारत नसे, सगळे मोजपट्टीच म्हणत. हा माणूस उशीसुद्धा मापून डोक्याखाली घेतो, असं त्याची बायको म्हणायची.

या वेळी रायफल बहिणीच्या मुलीसाठी होती. भाचीच्या रायफलीची नळी झिजून गेली होती आणि निवडचाचणी तोंडावर आली होती. यंदा संघात नाव लागलं नाही तर हा नाद सोडायचा आणि मिळेल ती नोकरी धरायची, असं तिच्या वडिलांनी ठणकावून सांगितलं होतं. मामा हो म्हणाला की रायफल तिची, एवढंच बाकी होतं.

रायफल बघून मोजपट्टीच्या तोंडाला पाणी सुटलं. टोकापर्यंत सारख्याच जाडीची जड नळी, लवकर न तापणारी, गोळी सुटताना न थरथरणारी. आतले पीळ धारदार होते, तोंडाची कड शाबूत होती, बोल्ट कुठे अडखळत नव्हता. खटकणारी गोष्ट एकच. खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्याचं पॉलिश उजव्या बाजूनं उडालं होतं. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा गाल डाव्या बाजूला घासतो. म्हणजे मालक डावखुरा, आणि बोल्टची मूठ तर उजवीकडे, भाचीसारख्या उजव्या खांद्यावरून मारणाऱ्यासाठी.

विकायला आलेल्या बाई मालकाची धाकटी बहीण. दादा गेला, आता घरात कोण मारणार, असं त्या म्हणाल्या. दादा डाव्या खांद्यावरून मारायचा आणि डावा हात वरून पलीकडे टाकून बोल्ट ओढायचा, बघणाऱ्याला हसू यायचं, हेही त्यांनी सांगितलं. दारापर्यंत जाऊन त्या परत वळल्या.

"सकाळची पहिली गोळी मात्र तो दुसऱ्या कुणाला मारू द्यायचा नाही."

मोजपट्टीला यात नवल वाटलं नाही. थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी बरेचदा भरकटते, मग नळी तापली की बाकीच्या एका जागी बसतात, हे कुठल्याही नेमबाजाला ठाऊक असतं. बहुतेक जण ती गोळी हिशेबात धरत नाहीत. मोजपट्टी धरायचा. रोज सकाळची पहिली गोळी तो एका वेगळ्या कागदावर मारायचा, आणि तोच कागद दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचा. रोज एकाच जागी भरकटली तर रायफल इमानदार, असं त्याचं म्हणणं. पहिल्या गोळीनं नळी तापवून ठेवून मग मामाला बोलवावं म्हणजे त्याची कटकट वाचते, असं भाची त्याला चिडवायची.

पहिल्या सकाळी तो बाकावर बसला, वाळूच्या पिशवीवर नळी टेकवली आणि थंड गोळी मारली. ती मधल्या काळ्या वर्तुळापासून वीतभर उजवीकडे लागली. मग दुसरा कागद लावून मारलेल्या सगळ्या गोळ्या एकाच भोकात गेल्या. भाची दुर्बिणीतून बघत होती. तिला आनंद लपवता येईना.

दुसऱ्या सकाळी थंड गोळी थोडी अलीकडे लागली, तिसऱ्या सकाळी आणखी अलीकडे. तीन भोकं एका ओळीत, काळ्या वर्तुळाकडे निघालेली. अशी शिस्तीत चालणारी चूक त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. नेम चुकला तर तो कसाही चुकतो.

त्यानं कागद काढून खिडकीच्या उजेडात धरला. गोळी कागदात शिरते तिथे तिचा मळ पुसला जातो आणि भोकाभोवती राखाडी कडं उमटतं, बाहेर पडते तिथे कागदाचे धागे फाटून वर येतात. इथे धागे पुढच्या बाजूला होते. त्यानं कागद उलटला. तिन्ही राखाडी कडी मागे होती.

कागद उलटा लावला असेल म्हणावं, तर छापलेली वर्तुळं पुढेच होती. चष्मा पुसून त्यानं पुन्हा पाहिलं. त्याला गोळी सुटतानाची आठवण झाली. तिन्ही सकाळी उजव्या कानाशी काहीतरी गार सरकून गेलं होतं, आणि तो त्याला वारा समजला होता.

बाकामागे शेडची फळ्यांची भिंत होती. तो उठून तिच्यापाशी गेला. फळ्यांमध्ये तीन बारीक भोकं होती, ताज्या लाकडाच्या रंगाची, एका ओळीत. आत बोट घालायची त्याची छाती झाली नाही. क्लबाच्या रखवालदाराला बोलावून तो पुन्हा बाकावर नेम धरून बसला आणि आपला डोळा येतो त्या उंचीवर, डोळ्याच्या बरोबर मागे, भिंतीवर खडूची खूण करायला सांगितलं. रखवालदारानं खडूची फुली मारली.

ओळीतली पुढची जागा आणि खडूची फुली एकच होती.

रायफल कपाटात घालून त्यानं किल्ली रखवालदाराकडे दिली. संध्याकाळी तो बहिणीकडे गेला आणि ही रायफल नको म्हणाला. भाचीचा चेहरा पडला.

"का नको? एका भोकात बसतात, मामा. तूच मोजलंस ना?"

जन्मभर मापाशिवाय न बोललेला माणूस, त्याला आता सांगायला माप सापडेना. भोकं उलटी आहेत म्हणावं तर ती हसली असती, आणि खरं म्हणजे तो स्वतःलाच हसला असता. बघू उद्या, सकाळी ये, असं काहीतरी पुटपुटून तो निघाला. त्या भित्रेपणाची त्याला पुढे लाज वाटायची होती. रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला.

सकाळी राहवलं नाही, म्हणून त्यानं बाईंना फोन लावला. दादा पहिल्यापासून डावखुरा होता का, एवढंच विचारलं.

"छे हो," बाई म्हणाल्या. "सगळं उजव्या हातानं करायचा. ही रायफल घेतल्यावर एका सकाळी उजवा डोळा गेला. जखम नाही, दुखणं नाही. डॉक्टरांनी हात टेकले. त्याला तर पत्ताच नव्हता. आम्हीच सांगितलं, दादा, तुझा एक डोळा मिटलेला असतो."

मोजपट्टी खुर्चीतून उठला.

"आणि मग?"

"मग काय, त्यानंतर त्याचा नेम कधी चुकला नाही. पहिली गोळीसुद्धा."

बाईंचा फोन मध्येच तोडून तो पळत सुटला. वाटेत भाचीला लावलेला फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

फाटकाशी रखवालदार उभा होता. ताई मघाच आल्या, किल्ली मागितली, मामाला आज थंड गोळीची कटकट नको म्हणाल्या, असं त्यानं सांगितलं.

आतून गोळीचा आवाज आला. मग थोड्या वेळानं पुन्हा. शांत, सारख्या अंतरानं.

शेडमध्ये भाची बाकावर बसली होती. भिंतीकडे त्याची नजर आधी गेली. तीन भोकं, आणि त्यांच्यापुढे खडूची फुली. फुलीवर ओरखडासुद्धा नव्हता. जीव भांड्यात पडून त्याला मोठ्यांदा रडावंसं वाटलं.

"नळी तापवून ठेवली तुझ्यासाठी," मान न वळवता ती म्हणाली. "आणि गंमत बघ, आज पहिलीपण तिथेच बसली."

रायफल तिच्या डाव्या खांद्याला होती.

"इकडे बघ," तो म्हणाला.

तिनं वळून पाहिलं. ती हसत होती, लहानपणी हसायची तशी, गालभर.

"उजवा डोळा उघड, बाळा."

"दोन्ही उघडेच आहेत की," भाची म्हणाली, आणि डावा हात वरून पलीकडे टाकून तिनं बोल्ट ओढला.